नवी द्राक्ष कलमं जोडातून निखळतायत, काय करू?

कोवळी_काडी: पाचर कलम (खालच्या मुळं असलेल्या खुंटाला चीर देऊन त्यात वरच्या जातीची काडी बसवली) करून महिना होत आला. बऱ्याच ठिकाणी वीतभर फूट आहे, पण परवाच्या वाऱ्यात दहा-बारा कलमं जोडातूनच निखळली. काडीवरचे काही डोळे (कोंब) फुगले आणि तिथेच कुरतडल्यासारखे झाले. जोडावरची पट्टी आता सोडू का? शेजारचे काका म्हणतात, जोड मातीने झाक. झाकू?

मांडवाखाली: पट्टीला हात लावू नका! वर फूट कितीही जोमात दिसो, आतला सांधा अजून कच्चा आहे. काडी जाड होऊन पट्टी काचायला लागली की जोडाच्या मागून ब्लेडने उभी चीर द्या, ओढून काढू नका.
बांबू लावलेत का? नुसती फूट बांधून भागत नाही. खुंटही त्याच बांबूला घट्ट हवा, नाहीतर वाऱ्यात दोघं दोन दिशांना डुलतात आणि सगळा पीळ जोडावर येतो. फुटीची सुतळी मात्र सैल, इंग्रजी आठच्या आकड्यात.

कोवळी_काडी: बांबू बांधावर पडून आहेत, दादा. काय सांगू.

मांडवाखाली: असू द्या, आमचेही एकदा असेच पडून होते. खुंटाचे फुटवे चार-पाच दिवसांनी बघत जा, कोवळे असतानाच हाताने बुडातून मोडा. कात्रीने कापलेत तर राहिलेल्या खुंटीतून पुन्हा फुटतात. जिथे कलम मेलंच आहे तिथे मात्र एक चांगला फुटवा राखा, पुढे त्यावरच पुन्हा कलम करता येईल.

वेलवेडी: कुरतडलेले डोळे बहुतेक उडद्या भुंग्याचं काम. खाली पांढरं कापड धरून खुंट हलवा, भुंगा मेल्याचं सोंग घेऊन टपकन पडतो. सुटलेल्या सालीत लपतो, ती साल काढून टाका. फवारणी करायचीच तर लेबलवरच्या मात्रेत, फूट कोवळी आहे.
आणि काकांचं ऐकू नका. जोड मातीत राहिला की वरच्या काडीलाच मुळं फुटतात. मग सूत्रकृमी (मातीतले मुळं पोखरणारे बारीक जंत) नि क्षार सोसणारा खुंट असून नसून सारखाच. कडाक्याची थंडी पडते तिथे माती चढवतात खरी, पण नंतर ती उकरून वरची मुळं छाटावी लागतात.

मांडवाखाली: +१. पाणीही बेताचं द्या. मुळाशी चिखल असला तर जोड भरायला वेळ लागतो.

कोवळी_काडी: आत्ताच कापड धरून तीन ओळी हलवल्या. नऊ भुंगे! उद्या पहाटेपासून बांबू.