सर्व्हर हिरवा, पण पावती निघेना

निपाणीकर: ऊस वजनाच्या पावत्यांचं ॲप सांभाळतो. एचएप्रॉक्सीमागे (येणाऱ्या रिक्वेस्टी सर्व्हरांत वाटणारा प्रोग्राम) तीन सर्व्हर. गाळप सुरू झालं की रात्री काट्यावरून फोन, "पावती निघेना ओ!" एका सर्व्हरचा डेटाबेस तुटलेला, 500 (सर्व्हरच्या चुकीचा कोड) फेकतोय, पण स्टॅट्सच्या पानावर हिरवागार. असं कसं? आणि चालू काम न तोडता त्याला बाजूला कसा काढू?

खानापूरवाला: नुसतं 'चेक' लिहिलंय ना? त्यात पोर्ट उघडतंय का एवढंच बघतात. एचटीटीपी चेक लावा की, म्हणजे ॲपच्या एका पत्त्यावर रिक्वेस्ट मारून उत्तर बघतात! त्या पत्त्यावर डेटाबेसला साधी क्वेरी मारून मगच 200 ('ठीक' असा कोड) द्या. डिफॉल्टला 2 सेकंदांनी तपासणी. सलग 3 नापास की बाहेर, 2 पास की आत.

टिळकवाडी: थांबा. डेटाबेसच बसला तर तिन्ही एकदम लाल, सगळ्यांना 503 (सेवा उपलब्ध नाही). मला ते पटत नाही. मी 'ऑब्झर्व्ह लेयर7' लावतो, खऱ्या रिक्वेस्टींच्या चुका मोजल्या जातात.
सर्व्हर बाजूला काढायला 'ड्रेन' करा. नवी माणसं जात नाहीत, कुकीवाली (कुकीने त्याच सर्व्हरला बांधलेली) जुनी चालू राहतात, तपासणीही चालते. 'मेंट'मध्ये (देखभालीसाठी बंद) तपासणी थांबते.

निपाणीकर: कुकी आहेच. ड्रेन केला, सेशनचा आकडा उतरतोय. काटेवाले अजून फोन करतातच, ते वेगळं.