शाळेत लिनक्स बसवलं, वाय-फाय लागंना; इकडं विचारायचं कुणाला?

झेडपीच्या_बाई, वसमत

नमस्कार. मी वसमत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवी ते सातवीला शिकवते. आमच्या गावचा एक मुलगा पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीला आला तेव्हा त्यानं शाळेला तीन जुने लॅपटॉप आणून दिले. तिन्हींवर विंडोज १० होतं. त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, ती ह्या यंत्रांत नाही. म्हणून त्यानं लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टीमचा, पेनड्राइव्ह बनवून दिला, कागदावर पायऱ्या लिहून दिल्या आणि तो परत गेला. त्याची रात्रपाळी असते, त्याला रोज फोन करणं मला बरं वाटत नाही.

पहिल्या लॅपटॉपवर मी स्वतः मिंट बसवलं. कागद समोर ठेवून, एकेक पायरी वाचत. दोन तास लागले, मधे एकदा लाइट गेली, पण बॅटरीवर तग धरला. स्क्रीनवर मराठी उमटली तेव्हा सातवीची लेकरं टाळ्या वाजवायली. लेकरांना चित्रं काढायला टक्स पेंट आधीच टाकून ठेवावं, सोमवारपासून लेकरांना द्यावं, असं ठरवलं होतं. पण वाय-फाय दिसतच नाही. कोपऱ्यात चिन्ह येतं, त्यात नेटवर्कची यादीच नाही.

तालुक्याच्या एका दुकानात नेला. त्यांनी उघडूनसुद्धा पाहिला नाही. "मॅडम, ह्याच्यात विंडोज टाकून देतो, पाचशे द्या" म्हणाले. ते कॉपी केलेलं विंडोज असणार हे मला कळतं. शाळेच्या यंत्रावर ते नको, लेकरांना मी रोज काय शिकवते मग? शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, तर एकानं 'सुडो'नं सुरू होणारी लांबच लांब ओळ पाठवली आणि "हे टाका, होतं" एवढंच लिहिलं. ती काय करते हे त्यालाही सांगता येईना. मी टाकली नाही.

इंग्रजी मी वाचते, लिहायला मात्र जड जातं. परदेशी लोकांच्या चर्चा वाचल्या. तिथं काही नव्या माणसांना "आधी शोधून बघा" एवढंच उत्तर मिळालेलं दिसलं. शोधायचं काय, हेच ज्याला माहीत नाही त्यानं काय करावं?

तर वाय-फायचा प्रश्न आहेच. पण खरं विचारायचंय ते हे, की आमच्यासारख्या गावात, जिथं लिनक्स वापरणारं दुसरं माणूस ओळखीचं नाही, तिथं अडलं तर विचारायचं कुणाला आणि कसं? आणखी दोन लॅपटॉप बाकी आहेत.

मोबाईल_रिपेअर_जिंतूर

बाई, आधी नेट तर चालू करून घ्या, बाकीचं मग. तुमचा फोन चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला लावा. वायर डेटावाली पाहिजे, काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात. फोनच्या सेटिंगमधे हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टिदरिंग' आहे, ते चालू करा. लॅपटॉपला वायरचं नेट लागल्यासारखं दिसंल. त्याला वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे वाय-फायची चिप चालवणारा प्रोग्राम, लागत नाही. माझ्याकडं लोक लॅपटॉप घेऊन येतात तेव्हा मी पहिलं हेच करतो. लिनक्समधलं मला जास्त काही कळत नाही, पण एवढं नक्की चालतं.

लॅबवाला_नांदेड

ताई, ती ओळ तुम्ही टाकली नाही हे फार चांगलं केलं. 'सुडो' म्हणजे यंत्राच्या मालकाच्या अधिकारानं काम करणं. त्यापुढं लिहिलेलं सगळं यंत्र निमूट ऐकतं, पुसून टाक म्हटलं तर पुसून टाकतं. कोणी आज्ञा दिली तर त्याला "ही काय करते" एवढं विचारायचंच. ज्याला सांगता येत नाही, त्याची आज्ञा घ्यायची नाही.

मी इथं नांदेडला एका कॉलेजच्या लॅबमधे आहे, लिनक्सची यंत्रं रोज हाताखालून जातात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच अडकलंय.

तुम्ही वसमतच्या, म्हणून हळदीचंच घ्या. कृषी सहायकाला फोन करून कोणी म्हणालं, "हळद पिवळी पडली, काय मारू?" तर तो लगेच औषध सांगेल का? तो विचारेल, लागवड कधीची, कडेची पानं पिवळी की मधली, पाणी कधी दिलं, आधी काय फवारलं. शेवटचं तर तो हमखास विचारतो, कारण निम्म्या वेळा दुखणं तिथंच असतं. लिनक्सचा प्रश्न तसाच विचारायचा. "वाय-फाय लागंना" हे पिवळं पान झालं. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वाय-फायची चिप वेगळी निघू शकते, त्यामुळं नुसतं मॉडेल सांगूनही भागत नाही.

मिंटच्या मेनूत 'सिस्टीम रिपोर्ट्स' आहे. ते उघडा, त्यात यंत्राच्या माहितीचा टॅब आहे, तिथं 'कॉपी'चं बटण आहे. दाबा आणि इथं जसंच्या तसं चिकटवा. त्यात प्रोसेसर, मेमरी, वाय-फायची चिप, कर्नलची (सिस्टीमच्या गाभ्याची) आवृत्ती, सगळं येतं. जाणकार माणसाला तेवढं दिसलं की त्याचे पंधरा प्रश्न वाचतात.

दुसरं म्हणजे, पेनड्राइव्ह लावल्यापासून आजपर्यंत काय काय झालं ते क्रमानं लिहा. स्क्रीनवर जे इंग्रजी वाक्य आलं ते तुमच्या शब्दांत नको, अक्षर न् अक्षर तसंच. जे तुम्हाला बिनमहत्त्वाचं वाटतं तेही लिहा. तुमची सिस्टीम मराठीत आहे, ती राहू द्या, लेकरांसाठी तेच चांगलं. पण एखादी चूक मराठीत आली तर ती शोधून काही सापडणार नाही. टर्मिनलमधे, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, आज्ञेच्या आधी इंग्रजी अक्षरांत 'एलसी_ऑल=सी' लिहिलं की तेवढ्यापुरतं उत्तर इंग्रजीत येतं.

आणि काहीही बदलायच्या आधी 'टाइमशिफ्ट' उघडून एक प्रत घेऊन ठेवा. बिघडलं तर कालची सिस्टीम परत आणता येते. ते लेकरांच्या फायली जपत नाही, सिस्टीम जपतं, एवढं ध्यानात असू द्या.

झेडपीच्या_बाई, वसमत

जिंतूरच्या भाऊंचं ऐकून फोन लावला, नेट लगेच आलं. आभार.

सरांनी सांगितलेली माहिती कॉपी करून जोडली आहे. आता क्रमानं लिहिते.

बसवताना एका पानावर मल्टिमीडिया कोडेक्सची (गाणी-व्हिडिओ चालायला लागतात ती) चौकट होती, कागदावर 'टिक करा' लिहिलं होतं, केली. त्याच्याच खाली 'कॉन्फिगर सिक्युअर बूट' असं आलं आणि पासवर्ड मागितला. कागदावर ह्याबद्दल काही नव्हतं. मी पासवर्ड दिला आणि वहीत लिहून ठेवला. बसवून झालं, लॅपटॉप बंद होऊन चालू झाला. मिंट यायच्या आधी एक निळा पडदा आला. त्यावर इंग्रजीत 'प्रेस एनी की टु परफॉर्म एमओके मॅनेजमेंट' होतं आणि आकडे उलटे मोजले जात होते. मला वाटलं काहीतरी बिघडलं. हात लावला नाही. दहा सेकंदांत तो आपोआप गेला आणि मिंट सुरू झालं, म्हणून मी ते विसरून गेले. पहिल्या प्रश्नात लिहिलंही नाही.

आज फोनचं नेट लावून 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडलं. वाय-फायचा ड्रायव्हर दिसला, निवडला, बसला म्हणाला. बंद करून चालू केलं. तरीही यादी रिकामीच.

लॅबवाला_नांदेड

ताई, सापडलं. तो निळा पडदाच.

टर्मिनल उघडून 'सुडो मोडप्रोब डब्ल्यूएल' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाका, शेवटचं नाव दोनच अक्षरांचं आहे. काय करते म्हणाल तर वाय-फायचा ड्रायव्हर आत्ताच्या आत्ता चालू करायचा प्रयत्न करते, बाकी कशाला हात लावत नाही. उत्तरात 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं तर माझा अंदाज पक्का.

कारण सांगतो. सिक्युअर बूट म्हणजे यंत्र सुरू होताना दारात बसलेला राखणदार. ओळखीची सही असलेल्यालाच तो आत सोडतो. बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबत सही होऊनच येतात. पण तुमच्या चिपचा ड्रायव्हर वेगळा आहे, तो तुमच्याच लॅपटॉपवर तयार होतो, त्यामुळं त्यावर सहीही तुमच्याच लॅपटॉपच्या किल्लीची असते. ही किल्ली राखणदाराला माहीत नाही. ती आपलीच आहे हे यंत्रासमोर बसलेल्या माणसानं सांगायचं असतं, तेही सिस्टीम सुरू व्हायच्या आधी, म्हणजे नेटवरून दुसऱ्या कोणाला ते करता येऊ नये. त्यासाठीच तो एमओकेचा, म्हणजे यंत्राच्या मालकाच्या किल्लीचा, पडदा होता. कळ दाबली नाही की तो निघून जातो आणि किल्ली बाहेरच राहते.

आता किल्ली पुन्हा पुढं करायची. त्यासाठी 'मॉकयुटिल' नावाची आज्ञा 'इम्पोर्ट' ह्या पर्यायासह द्यायची, ओळीचा फोटो जोडलाय, बघून टाका. नवा पासवर्ड मागेल, ८ ते १६ अक्षरांचा द्या, साधा चालेल, एकदाच लागतो. लॅपटॉप बंद करून चालू करा. निळा पडदा आला की लगेच कोणतीही कळ दाबा. 'एनरोल एमओके', मग 'कंटिन्यू', मग 'यस', पासवर्ड, आणि शेवटी 'रीबूट'. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, तसंच टाकत राहा.

बायोसमधून, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमधून, सिक्युअर बूट बंद करूनही काम होतं, पुष्कळ जण तेच सांगतील. मी आधी किल्लीचाच रस्ता सांगतो.

परभणीकर, सध्या पुण्यात

लॅबवाल्या सरांनी वाय-फायचं मिटवलंच आहे, मी "कुणाला विचारायचं" यावर लिहितो. मीही सेलूत असताना एकट्यानंच सुरुवात केली होती, त्यामुळं बाईंचं वाचून राहवलं नाही.

एक चूक माझ्याकडून झाली होती ती सांगतो. मिंट हे उबुंटू नावाच्या दुसऱ्या एका लिनक्सवर उभं आहे, मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर. म्हणून मी माझा मिंटचा प्रश्न 'आस्क उबुंटू' ह्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर टाकला आणि तो बंद करण्यात आला. मला वाटलं मला हाकलून लावलं. खरं म्हणजे त्यांचा नियमच आहे, तिथं उबुंटू आणि त्याचे अधिकृत प्रकार एवढेच चालतात. त्यांचंच भावंड असलेल्या 'युनिक्स अँड लिनक्स'वर मिंटचे प्रश्न चालतात. वाचायला मात्र आस्क उबुंटू जरूर वाचावं, २४.०४ साठी दिलेलं उत्तर मिंट २२ ला बहुतेक वेळा लागू पडतं. उत्तराची तारीख आधी बघायची. दहा वर्षांपूर्वीची आज्ञा आज टाकली तर नवीच भानगड उभी राहते.

विचारायचं असेल तर मिंटचं स्वतःचं चर्चापीठ सगळ्यांत बरं. नवख्यांसाठी तिथं वेगळा विभाग आहे, आणि सिस्टीम रिपोर्टची माहिती जोडली की लोक मनापासून मदत करतात. इंग्रजीची धास्ती नको. लहान वाक्यं पुरतात. "मी हे केलं. हे दिसलं. हे अपेक्षित होतं." उत्तर देणाऱ्यांतही कितीतरी जणांची इंग्रजी ही मातृभाषा नसते. लिनक्स सुरू करणारे लिनस टॉरवाल्ड्ससुद्धा फिनलंडचे, घरी स्वीडिश बोलणारे. १९९१ साली त्यांनी आपल्या कामाची पहिली बातमी दिली तीही एका चर्चागटातच, आणि त्यात लोकांना विचारलं होतं की तुम्हाला काय हवंय.

आणि बाई, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून हे खास सांगतो. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प बघा. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, लिनक्सचेही आहेत आणि मराठीतही आहेत. व्हिडिओ थांबवत थांबवत शेजारी स्वतः करत जायचं, अशी त्यांची पद्धत. त्यांच्या प्रश्नांच्या पानावर तर धड्याच्या कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला अडलात तेही नोंदवता येतं. ज्याला प्रश्न शब्दांत मांडता येत नाही, त्याला ह्याचा मोठा आधार आहे. धडे उतरवून घेतले तर शाळेत नेट नसतानाही चालतील.

जवळचं माणूस हवंच असेल तर अभियांत्रिकीच्या संगणक शाखेला जाणारं गावातलं पोरगं शोधा. त्यांना अभ्यासाला लिनक्स असतं. त्याला सगळं येईलच असं नाही, पण टर्मिनलला ते घाबरत नाही, आणि शेजारी बसायला तेवढं पुरतं.

झेडपीच्या_बाई, वसमत

लागलं! आज्ञा टाकल्यावर तेच वाक्य आलं, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. मग किल्लीचं सगळं केलं. पहिल्या वेळी कळ दाबायला उशीर झाला, पडदा निघून गेला, पुन्हा आज्ञा देऊन पुन्हा केलं. आता शाळेच्या वाय-फायचं नाव यादीत दिसतंय. सर, तुम्ही कारण सांगितलंत म्हणून मला दुसऱ्या वेळी कुणाला विचारावं लागलं नाही.

मुलाच्या कागदावर निळ्या पडद्याची पायरी मी लाल पेननं लिहून टाकली आहे. स्पोकन ट्युटोरियलचे चार धडे उतरवले, गावातली एक मुलगी नांदेडला डिप्लोमाला आहे, ती रविवारी येते म्हणाली.

आज दुसरा लॅपटॉप घेतला आणि इथं नवीन अडचण आहे. मिंट २२.२, एक्सएफसीई (मिंटचा हलका प्रकार). मेमरी ४ जीबी. बसवताना सिक्युअर बूटचा पासवर्ड मागितलाच नाही, निळा पडदाही आला नाही. वाय-फाय पहिल्याच झटक्यात लागलं. पण झाकण मिटून पुन्हा उघडलं की स्क्रीन काळी राहते, पंखा चालू असतो, पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा तसंच. मेनूतून 'सस्पेंड' केलं तरी तसंच. अजून काहीही बदललेलं नाही, टाइमशिफ्टची प्रत घेतली आहे. सिस्टीम रिपोर्ट खाली जोडला आहे.