आळशी डोळा आणि पट्टीचे तास

ताई, तुम्ही विचारलंय की पाच वर्षांच्या लेकाला आळशी डोळ्यासाठी (म्हणजे एका डोळ्याची नजर नीट वाढत नाही, मेंदू तो डोळा टाळतो) चांगला डोळा झाकायची पट्टी रोज दोनच तास सांगितली आणि शेजारणीच्या मुलीला सहा तास होती, मग आपल्याला कमी का. अहो, मध्यम आळशी डोळ्याला दोन तास काय नि सहा तास काय, चार महिन्यांनी सुधारणा साधारण सारखीच, हे अमेरिकेत ट्रायल करून २००३ मध्येच छापून आलंय (३ ते ७ वयाची पोरं होती), फक्त त्या वेळात तासभर तरी रंगवणं-वाचणं असं जवळचं काम करून घ्यायचं. नजर फारच कमी असेल तर तास वाढवतात, म्हणून शेजारणीशी तुलना नकोच.

पट्टी चांगल्या डोळ्यावर, आणि चष्म्याच्या काचेला नाही, कातडीला चिकटवा, नाहीतर कार्टी नाकाच्या बाजूने बरोब्बर डोकावतात! आमचा मुलगा दादर ते ठाणे लोकलमध्ये मोबाईलवर ठिपके जोडत बसायचा, तास कसा गेला कळायचं नाही. चष्मा मात्र दिवसभर, पट्टी काढली तरी.

आणि तिरळेपणा लकी असतो, मोठेपणी आपोआप जातो असं कोणी म्हटलं तर ते कृपया मनावर घेऊ नका, तिरळेपणामुळेही डोळा आळशी होतो, आणि वयाच्या सातनंतर डोळा उपचारांना प्रतिसाद देतो पण हळू आणि कमी.