पार्किन्सन्स, रिडेव्हलपमेंट आणि थायलंड: दोन-तीन वर्षं परदेशी राहावं का? सल्ला हवा

मुक्ताचे_बाबा:
नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे, दिवाळीपर्यंत घर रिकामं करून द्यायचंय. मी ६६, बायको ६३. तिला चार वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. मुलगी मेलबर्नला. पेन्शन, व्याज आणि बिल्डर देणार ते भाडं धरून महिन्याला ८० हजार हाताशी आहेत.

नाहीतरी घर सोडायचंच आहे. मग हा काळ परदेशात, जिथे राहणं परवडेल आणि शिकलेलं माणूस चोवीस तास मिळेल अशा ठिकाणी काढावा असं मनात आहे. थायलंडमधलं चियांग माई बघतोय.

हिचं सांगतो म्हणजे गरज कळेल. उंबऱ्यापाशी आली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मी शेजारी उभा राहून "एक, दोन, तीन" म्हणतो, तीनला पाऊल उचलतं. गोळी आठची म्हणजे आठलाच. साडेआठ झाले की ब्लाऊजचं हूक लागत नाही, कप धरवत नाही. हे समजून घेणारं माणूस हवंय. कुणाला अनुभव आहे?

तळेगावकर:
काका, परदेश डोक्यातून काढा. आम्ही आईबाबांसाठी २०२१ मध्ये तळेगावला ज्येष्ठांच्या संकुलात वन बीएचके घेतला, ५५ लाख मोजले, एक दिवस पस्तावलो नाही. घरात एकही उंबरा नाही, बाथरूमला दोन्ही बाजूंनी दांड्या, पलंगाशेजारी घंटा. आईला तर भजनी मंडळ मिळालं. तुम्हीही घेऊन टाका.

सह्याद्री_वारा:
@तळेगावकर, त्यांनी ८० हजार महिना लिहिलंय, ५५ लाख कुठून आणतील?
काका, माझे मेहुणे पाच वर्षं थायलंडला आहेत. रिटायरमेंट व्हिसाला वय ५० पूर्ण लागतं. शिवाय तिथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवा किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवा. ८ लाख बाट म्हणजे आपले २० लाखांच्या वर. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. या व्हिसावर काम करता येत नाही. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही, कॉन्डो मात्र घेता येतो. मेहुण्यांचा फ्लॅट तेराव्या मजल्यावर आहे, गॅलरीतून डोंगर दिसतो.

पुणेरी_मिसळ:
चियांग माईला फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळत असतात. आम्ही मार्चमध्ये गेलो होतो, चारही दिवस डोंगर दिसला नाही आणि मिस्टरांचा दमा उसळला. हॉटेलवाल्याने वर मास्कचे पैसे लावले.

सह्याद्री_वारा:
चार दिवसांवरून देश ठरत नाही हो. पुण्यात थंडीत सकाळी फिरायला जाता, तेव्हा काय शुद्ध हवा असते?

पुणेरी_मिसळ:
पुण्याशी तुलना करूच नका. मी डोळ्यांनी पाहिलंय, घसा आठवडाभर बसला होता.

क्वालालंपूर_रिटर्न:
मलेशिया बघा. इंग्रजी चालतं, देवळं आहेत, इडली-डोसा कोपऱ्यावर. माझ्या थोरल्या भावाने 'सेकंड होम'चा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा, व्हिसा घ्यायचं ठरवलं आणि २०२१ मध्ये नियम बदलले, सगळी कागदपत्रं वाया गेली. आता सिल्व्हर पायरीलाही दीड लाख डॉलर मुदत ठेव आणि वर घर विकत घ्यायचं. पण देश उत्तम.

विश्रामबाग:
मॉरिशसचं कुणीच कसं बोललं नाही? तिथे मराठी समाज आहे, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आम्ही पोर्ट लुईला तिखटजाळ दाल पुरी खाल्ली होती. वहिनींना परकं वाटणार नाही.

हिशेबी_माणूस:
जरा पैशांचं बोलू, कारण नंतर यातच अडकायला होतं. भारताबाहेर पैसे पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, ती तुम्हाला पुरून उरेल. पण वर्षात १० लाखांच्या वर पाठवलेत तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. रिटर्न भरल्यावर वळता होतो, तोवर पैसा अडकतो. तुमचे ८ लाख बाट एकदम पाठवलेत तर हे होणारच. दोघांच्या नावावर आणि दोन आर्थिक वर्षांत विभागा.
अनिवासी ठरलात की बचत खातं एनआरओ (अनिवासींचं खातं) करावं लागतं, सिनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम नव्याने उघडता येत नाही. निवासी की अनिवासी हे भारतात किती दिवस राहिलात यावर ठरतं; लोक १८२ दिवसांचाच नियम धरून बसतात, ६० दिवसांचाही एक आहे. तुमचं नेमकं काय ठरेल ते सीएकडून लिहून घ्या.
मेडिक्लेम बहुतेकांचा भारतापुरताच असतो, तरी इथला हप्ता थांबवू नका. एकदा बंद पडला तर या वयात, या आजारासह, नवा कोण देणार? पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतोच.

तळेगावकर:
+१. म्हणूनच म्हणतोय, तळेगाव.

आभाळमाया:
काका, माझे बाबा नऊ वर्षं पार्किन्सन्समध्ये होते. पुण्यात ब्युरोकडून माणसं घेतली, चार महिन्यांत पाच बदलली. एकाला गोळीची वेळ तीनदा सांगितली तरी तो "जेवण झाल्यावर देतो की" म्हणायचा. त्या गोळीला पोटातलं डाळ-पनीर आडवं येतं, जेवणाआधी अर्धा तास तरी द्यायची असते, हे मीच शेवटी फ्रीजवर मोठ्या अक्षरात चिकटवलं.
म्हणून माणूस शिकलेला हवा हे मला पटतं. पण बाबा शेवटच्या दोन वर्षांत इंग्रजी बोलेनासे झाले, हिंदीही गेलं. रात्री भास व्हायचे तेव्हा "अगं, कोण आलंय?" एवढंच विचारायचे. तिथे उत्तर द्यायला मराठी माणूस लागतो. सगळ्यांनाच असं होतं असं नाही, पण दोन-तीन वर्षांचा बेत करताना हे धरून चाला. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, काकूंना एकदा सभेला न्याच. मला तिथे गेल्यावर प्रथमच वाटलं की आपण एकट्या नाही.

विश्रामबाग:
आभाळमाया म्हणतात तेच, भाषा महत्त्वाची. म्हणून मॉरिशस.

मुक्ताचे_बाबा:
सगळ्यांचे मनापासून आभार. तळेगाव बघून आलो, मित्रमंडळाच्या सभेलाही गेलो, सीएंना भेटलो. मग हिला सगळा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "तळेगावला शेवटी जायचंच आहे, आत्ताच नको." ३१ वर्षं तिने शाळेत भूगोल शिकवला आणि देश पाहिला तो एकच, मुलीचा. पाय चालतायत तोवर तिला बघायचंय.

तर कायमचं नाही, पैसेही तिकडे गुंतवत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी, धुराच्या आधी, ५५ दिवस चियांग माई, टुरिस्ट व्हिसावर. तिथल्या नर्स असलेल्या एका निवासाने एका माणसाचे महिना ४५ हजार बाट सांगितलेत, म्हणजे बजेट मोडतंय. वरचे मुलगी देणार आहे, तिने हट्टच धरला. हयातीचा दाखला दोन तारखेला देऊन निघणार.

परवा व्हिडिओ कॉलवर तिथल्या नर्सला उंबऱ्याचं सांगितलं. तिने विचारलं, तुम्ही कोणत्या भाषेत मोजता? मग तीन शब्द कागदावर लिहून घेतले आणि म्हणून दाखवले. "तीन"चं "टीन" झालं, पण हिने इकडे खुर्चीत बसल्या बसल्या पाऊल उचललं.

दोन महिन्यांच्या गोळ्या नेताना काय काळजी घ्यावी?

आभाळमाया:
मूळ पाकिटातच न्या, सुट्ट्या करून डबीत भरू नका. डॉक्टरांचं पत्र औषधाच्या मूळ (जेनेरिक) नावासह इंग्रजीत घ्या. निम्म्या तुमच्या हातातल्या पिशवीत आणि निम्म्या काकूंच्या पर्समध्ये, सामानात एकही नको. आणि थायलंडचं घड्याळ दीड तास पुढे आहे, गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या ते निघण्याआधीच न्यूरोलॉजिस्टना विचारून घ्या.