दूध नको म्हणते तर राहू दे
तू लिहिलंयस ना, दोन वर्षांची लेक दुधाचा कप बघितला की तोंड फिरवते, अगं जबरदस्ती नको करूस. आम्ही म्हापशाला, मुलगा अडीच वर्षांचा, दिवसाला लिटरभर दूध प्यायचा आणि पेजेचा एक घास पण नको, शेवटी हिमोग्लोबिन कमी निघालं तेव्हा डोळे उघडले. दुधात लोह जवळजवळ नसतंच, पोट मात्र भरतं. आता अर्ध्या लिटरच्या आतच देतो. सकाळी नाचण्याचं तिजण, म्हणजे नाचणीच्या पिठाची खीर, गूळ घालून, वाडगा बोटाने पुसून खातो! नाचण्याच्या १०० ग्रॅम पिठात ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, दुधात साधारण १२०. दही पण दे. आणि अंगावर पीत असेल तर तोडू नकोस, डब्ल्यूएचओ पण दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा म्हणतं.