मदत हवी आहे: जुन्या चर्चसाठी चुन्याचं काम जाणणारा गवंडी

नमस्कार मंडळी. इंदूरमधल्या आमच्या जुन्या चर्चमध्ये वेदीमागची भिंत ओल धरतेय. चुन्यात बांधलेल्या विटांवर मागे कधीतरी सिमेंटचा गिलावा मारला (हौस!), त्यामुळे आतली ओल बाहेर पडेना. आता बोटानं टोकरलं की पांढरा खार आणि विटेचा भुगा हातात येतो. सिमेंट खरवडून चुना-सुरखीच (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) करायची ठरलंय. आपल्या राजवाड्याच्या दुरुस्तीत चुन्यात गूळ, मेथी, बेलफळ घातलं होतं; तसं काम केलेलं कुणी ओळखीत आहे का? रविवारची उपासना आणि संडेस्कूल तिथेच, त्यामुळे काम टप्प्याटप्प्यानंच. आणि चुना किती दिवस भिजवायचा? ठेकेदार म्हणतो दोन दिवस पुरे. मला काही पटत नाही.