मदत हवी आहे: 'वयात बसत नाही' हे इंग्रजीत नीट कसं सांगायचं?

मंडळी, आम्ही जळगावात रक्तदान शिबिर घेतोय. शेजारच्या होस्टेलमध्ये बाहेरच्या राज्यांतली बरीच मुलं आहेत, म्हणून फलक इंग्रजीतही हवा. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, हे लिहून झालं. अडलंय वयापाशी. नियम १८ ते ६५ चा. फर्स्ट इयरची पोरं हौसेने येतात आणि 'अठरावं चालू आहे' म्हणतात, म्हणजे पूर्ण सतराच.

मी लिहिलंय, 'डोनर्स हॅविंग एज लेस दॅन एटीन इयर्स आर नॉट अलाउड.' वाचताना तहसीलची नोटीस वाटते. मित्र म्हणतो, 'अंडरएज' लिही. मला त्याला दारूच्या दुकानाचा वास येतो. आणि रांगेत उभ्या पोराला परत पाठवताना काय बोलावं? दुखावायचं नाही, पुढच्या वर्षीचा दाता आहे तो.

प्रतिसाद १
फलकावर नकार कशाला? 'यू मस्ट बी ॲट लीस्ट एटीन टू डोनेट' लिहा, काम झालं. 'अबव्ह एटीन' नको, कालच अठरा पूर्ण झालेला पोरगा उगाच गोंधळतो. 'एटीन ऑर ओव्हर' चालेल. 'अंडर एटीन' सहज बोलण्यातलं, 'बिलो एटीन इयर्स' फॉर्मवरचं. 'अंडरएज' चूक नाही, पण तो दारू, ड्रायव्हिंग असल्या ठिकाणी जास्त शोभतो.

तोंडी सांगताना 'सॉरी, यू आर नॉट ओल्ड इनफ टू डोनेट येट.' शेवटचा 'येट' गाळू नका भाऊ, सगळा गोडवा त्यातच आहे. 'टू यंग' मिसरूड फुटलेल्याला झोंबतं.

प्रतिसाद २
खरी गंमत 'चालू' मध्ये आहे. आमच्या अमळनेरकडे 'अठरावं लागनं' म्हटलं की सगळ्यांना कळतं. तेच पोरगं इंग्रजीत 'एटीन रनिंग' म्हणालं की ऐकणारा अठरा धरून मोकळा. म्हणून 'हाऊ ओल्ड आर यू' विचारूच नका. 'हॅव यू टर्न्ड एटीन?' विचारा आणि आधार कार्डावरची जन्मतारीख बघा. फॉर्मवर 'कम्प्लीटेड एटीन इयर्स' ठेवा. जरा सरकारी वाटतं, पण पळवाट राहत नाही.

धागाकर्ता
फलक बदलला. आता उलटं: आमचे एक काका ६२ वर्षांचे, पहिल्यांदाच रक्त देणार म्हणतात. त्यांना चालेल ना?

प्रतिसाद १
नाही. पहिल्यांदा देणाऱ्याला मर्यादा ६० ची, ६५ ची मर्यादा आधी रक्त दिलेल्यांसाठी. इंग्रजीत 'ओव्हर द एज लिमिट'. काकांना मात्र मराठीतच सांगा, आणि नोंदणीच्या टेबलावर बसवा.